आजार : नाही

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा लिहिलं नाही, कारण जेलात गेलेलं पत्र आधी दुसरंच कुणीतरी फोडून वाचतं असं तात्या म्हणायचे. आता कोण फोडणार? तुला जाऊन पंधरा वर्षं होत आली. आज अचानक वही घेऊन बसले त्याला कारण आहे. आज मी पुन्हा तेच केलं.

सांगते. इथं शिनोलीत, माझ्या कोमलच्या शाळेत आज आरोग्य शिबिर होतं. कोमल म्हणजे तुझी भाची, तू न पाहिलेली. आठवीत आहे. शिबिराला आयांनाही बोलावलं होतं. एक नर्सबाई टेबलाशी बसून मुलांचे फॉर्म भरत होत्या. नाव, वय, उंची, वजन. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "माहेरी-सासरी कुणाला साखरेचा आजार?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही." क्षणभरसुद्धा थांबले नाही रे! बाईंनी लिहिलं, नाही. ज्यांच्या फॉर्मवर 'आहे' लिहिलं होतं, त्या मुलांना शेजारच्या वर्गात रक्त तपासायला पाठवत होते. कोमल घरी आली.

आल्या आल्या तिनं दप्तर टाकलं आणि माठावर गेली. एक तांब्या, दुसरा, मग तिसरा. महिनाभर हेच चाललंय. मी म्हणत होते, ऊन वाढलंय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणत होत्या, वाढीचं वय आहे. पण आज तिसऱ्या तांब्याला माझ्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली पडलं. तू असंच प्यायचास. "माठालाच तोंड लाव एकदाचं," असं आई चिडवायची, आठवतं? तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास आणि दोन महिन्यांत तुझी पँट दोरीनं बांधायची वेळ आली होती.

जुन्नरच्या डॉक्टरांनी जन्मभर सुई घ्यावी लागेल म्हणून सांगितलं, तेव्हा आई बाहेरच्या बाकावर बसून रडली. तू रडला नाहीस. आठ दिवसांत स्वतःच्या हातानं सुई टोचायला शिकलास, वर मला घाबरवायला सुई घेऊन अंगणभर माझ्या मागे पळायचास. वात्रट!

पण ते औषध गार ठेवायचं कसं? आपल्या आणे गावच्या पठारावर तेव्हा फ्रीज कुणाकडे होता, आणि लाइट तरी कुठे टिकायची? तूच युक्ती काढलीस. रांजणाच्या बुडाशी ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, मडक्यात स्टीलचा डबा, वर ओलं गोणपाट. दर बाजाराला तू जुन्नरला जायचास, औषध आणायचास, आणि थर्मासात बर्फ भरून आणायचास. बर्फ कुठून मिळतो हे आम्ही कधी विचारलं नाही. घरी पाहुणं आलं की आई त्या मडक्यावर पाटी पालथी घालायची. मला वाटायचं, मांजराच्या भीतीनं. पुढे कळलं की माणसांच्या.

कारण माझी सोयरीक व्हायची होती. भावाला साखर आहे म्हटल्यावर बहिणीच्याही अंगात असणार, असं लोक धरून चालतात. तात्यांनी घरात सगळ्यांना ताकीद दिली होती की सुमीच्या अक्षता पडेपर्यंत हे उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. तू हसून म्हणालास, "तात्या, मग मी काय सुईबी लपून घ्यायची व्हय?" आणि खरंच लपून घ्यायला लागलास, गोठ्यात जाऊन.

मग ते बांधाचं भांडण झालं. काठी तुझ्या हातात होती, दादा. मी दारातून बघत होते. नामदेवकाका भावकीतलेच, त्यांनी बांध कोरला होता हे खरं, पण त्यांचं डोकं तू फोडलंस हेही खरंच. ते महिनाभर अंथरुणाला खिळले होते. त्याची शिक्षा तुला व्हायलाच हवी होती, हे मी आजही म्हणते. तूही म्हणायचास. काका अजून धडधाकट आहेत बरं का! यंदा आण्याच्या यात्रेत आमटीच्या कढईपाशी उभे राहून पंगतीला वाढत होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

आता त्या दिवसाचं लिहिते. पंधरा वर्षं ते लिहायला मला शब्दच सापडत नव्हते.

पोलिसांनी तुला कोर्टात नेण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासायला आणलं होतं. तात्या आणि मी भाकरी घेऊन आलो होतो. बरोबर बबनभाऊही होते, माझी सोयरीक जमवणारे. तेव्हा सुपारी फुटली होती, लग्न वैशाखात होतं. हाफ मर्डरची केस म्हटल्यावर सोयरीक मोडते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पण बबनभाऊ म्हणाले, "बांधासाठी काठी उचलली, गडी मर्द हाय. पावणं समजून घेत्यात, तात्या." बघ ना, जेलाची लाज कुणालाच वाटली नाही! लाज होती ती रांजणाखालच्या मडक्याची.

दवाखान्याच्या पडवीत आम्ही सगळे उभे होतो. टेबलावरच्या माणसानं कागद पुढे ओढून विचारलं, "काही आजार? औषध चालू आहे?"

तू तोंड उघडलंस. त्याआधीच तात्या बोलले, "काय न्हाई, साहेब. दगडावानी हाय पोरगं."

बबनभाऊ दोन हातांच्या अंतरावर बिडी ओढत उभे होते. तू तात्यांकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे. मी एक शब्द बोलले असते तर? "अहो, त्याला सुई लागते," एवढंच तर होतं. पण मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. मग तूच म्हणालास, "न्हाई, साहेब. काय न्हाई." आणि त्या माणसानं लिहिलं, आजार : नाही.

दोन दिवसांत जामीन होईल असं वकिलांनी सांगितलं होतं. दोन दिवस निभतील, असा तात्यांचा हिशेब. निघताना त्यांनी औषधाची बाटली आणि सुई पंच्यात गुंडाळून तुझ्या काखेत दिली. ती जेलाच्या दारातच काढून घेतली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सुई आत न्यायला मनाई होती. जामीन काही झाला नाही. तारखेवर तारीख पडत गेली.

आठव्या दिवशी तू उलट्या करून बेशुद्ध पडलास. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं सुई दिली, तू शुद्धीवर आलास. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की दिवसातून दोन वेळा इन्सुलिन द्यावं. मला वाटलं, चला, कागद झाला! वेडी होते मी. एका कागदावर 'नाही' आणि दुसऱ्यावर 'आहे' असलं, तर पहिला कागद खरा धरतात हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

वैशाखात माझं लग्न झालं. कान पिळायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. नवरदेवाचा कान पिळायचा मान तुझा होता. शेवटी चुलत्याच्या पोरानं पिळला. सगळे हसले, म्हणून मीही हसले.

सव्वा महिन्यानं तात्यांबरोबर तुला भेटायला आले, हातभर हिरवा चुडा घालून. दोन जाळ्या मधे होत्या, त्यामुळे तुझा चेहरा धड दिसत नव्हता. तू आधी काय विचारावंस?

"कान कुणी पिळला गं?"

"आप्पाच्या पोरानं."

"जोरात पिळला ना? का निस्ता हात लावला? मी असतो तर पावण्याच्या डोळ्यात पाणी आणलं असतं!"

आणि तुला दम लागला. दोन वाक्यं बोलून दम लागावा असा माणूस तू नव्हतास. टाचेला चिंधी बांधलेली होती. म्हणालास, अनवाणी फिरताना काहीतरी लागलं, बरं होत नाही. मग आवाज खाली आणून म्हणालास, "सुमे, वकील म्हणत्यात जुन्नरच्या डॉक्टरांचा कागद लावून कोर्टात अर्ज करू. त्या दिशी खोटं सांगितलं, असं तात्यांनी लिवून द्यायचं. पर कोर्टातला अर्ज चार माणसं वाचणार. तुझ्या सासरी कळलं तर? आता तुझ्यावर हाय. तू म्हणशील तवा करू."

दादा, माझ्यावर का टाकलंस रे? मी वीस वर्षांची होते. लग्नाला चाळीस दिवसही झाले नव्हते. ह्यांचा स्वभाव अजून कळायचा होता, आत्याबाईंसमोर मान वर करायची हिंमत नव्हती. मी म्हणाले, "आखाडापर्यंत थांब. आखाडात मी माहेरी येईन, मग अर्ज करू." तू लगेच म्हणालास, "बरं. गोळ्या देत्यात की. निभंल."

तू का ऐकलंस माझं? एरवी कधी माझं ऐकलंस? साध्या वडाच्या पारंबीवर झोका घ्यायला नको म्हटलं तरी तू दोनदा घ्यायचास!

आखाडात मी आले. तात्यांनी अर्जावर सही केली, 'मी त्या दिवशी खोटी माहिती दिली.' तुझी तब्येत बिघडल्याचं जेलानं कळवलं ते श्रावण लागल्यावर. मोठ्या दवाखान्यात तू खाटेवर होतास. एका पायाला पट्टी, दुसऱ्याला बेडी, आणि बेडीची साखळी खाटेला. ज्याला कुशीवर वळता येत नव्हतं, तो पळून कुठे जाणार होता? पोलीसदादा बिचारा तरुण होता. मला बघून त्यानं स्वतःचं स्टूल दिलं, पण बेडीची किल्ली त्याच्याकडे नव्हती.

तू डोळे उघडलेस. ओठ वाळले होते. मला म्हणालास, "सासरी कळलं का गं?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं झालं," म्हणालास.

माझ्याशी तू बोललेलं ते शेवटचं. 'कैद्याला योग्य ते उपचार द्यावेत' हा कोर्टाचा हुकूम तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी जेलात पोचला. वकिलांनी त्याची नक्कल आणून दिली. तात्यांनी ती घडी करून पेटीत ठेवली. आज तात्याही नाहीत आणि आईही नाही. ती घडी माझ्याकडे आहे.

दिवाळीनंतर एक म्हातारा आपलं घर शोधत आण्याला आला होता. दम्याचा रोगी, तुझ्याच बराकीत होता, जामिनावर सुटला होता. तुझा पंचा द्यायला आला होता, धुऊन, घडी करून. दोन दोन शब्दांनी थांबत तो सांगत होता, "पोरी, तुझा भाऊ रोज लायनीत पयला उभा राह्यचा. रोज तेच सांगायचा, साहेब, मला साखर हाय, सुई पायजे. तिथला माणूस रजिस्टर उघडून म्हणायचा, हितं तर न्हाई लिवलंय. कवा सुई मिळायची, कवा म्हणायचे साठा न्हाई. मोठ्या दवाखान्याची तारीख पडायची, पर न्यायला पोलीस नसायचे. तीन तारखा अशाच गेल्या. दम्याला जी गोळी तीच साखरंला, तीच पोटदुखीला. आमी आजारी हाय, असं तिथं कुणाला वाटायचंच न्हाई. आमी नाटकं करतो, असंच वाटायचं."

पंधरा वर्षं मी ह्याच गोष्टीशी भांडतेय. आम्ही खोटं बोललो एकदाच, आणि ते लगेच लिहून घेतलं. तू खरं बोलत होतास रोज, रांगेत उभा राहून, ते एकदाही कुणाला लिहावंसं वाटू नये? तुझं वजन उतरत होतं, टाच सडत होती, तू त्यांच्या डोळ्यांसमोर तांब्यामागून तांब्या पाणी पीत होतास. तुला काठीची शिक्षा द्यायची तर द्या ना, वर्षं मोजून द्या. औषध थांबवायची शिक्षा कुठल्या न्यायाधीशानं दिली होती? आमची चूक मी कमी करत नाही. पण आमच्या चुकीच्या आडोशाला उभं राहून त्यांनी हात झटकले, याचा मला राग येतो. अजून येतो! आणि तो म्हातारा? त्याच्या कागदावर तर कुणी खोटं सांगितलं नव्हतं. तो पुढच्या उन्हाळ्यात गेला म्हणे. त्याच्यासारखे आत किती असतील, कुणास ठाऊक.

आता आज दुपारचं सांगते, म्हणजे पत्र पुरं होईल.

सूप पडलं, तांदूळ जमिनीभर झाले. आत्याबाई म्हणाल्या, "काय गं, काय झालं?" मी खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले आणि तसंच, मान खाली घालून, सगळं बोलून टाकलं. दादाला साखर होती. आम्ही लपवलं. आज मी शाळेतही खोटं सांगून आले. आणि पोरगी माठ रिकामा करतेय. आता त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी चालेल, असं मनाशी ठरवून बोलले.

आत्याबाईही खाली बसून तांदूळ वेचू लागल्या. मग म्हणाल्या, "आमाला ठावं व्हतं."

मी मान वर केली.

"माझ्या भावाची जुन्नरला यष्टी स्टँडसमोर रसवंती व्हती. दर बाजाराला तुझा भाऊ यायचा, थर्मास घिऊन. रसाच्या दुकानात येऊन रस प्यायचा न्हाई, निस्ता बर्फ मागायचा. एक दिस माझ्या भावानं इचारलं. तर म्हणाला, मामा, मला साखर हाय, औषिद गार ठेवाया बर्फ लागतो. कुणाला बोलू नका, बहिणीचं लगीन व्हायचंय. माझा भाऊ घरी येऊन म्हणाला, आक्का, परक्याला इतकं खरं सांगणारं पोरगं हाय, ह्याची बहीण आपल्या घरात आण. तवा तर आमी बबनला तुमच्याकडं धाडला."

"म्हणजे बबनभाऊंना..."

"त्याला ठाव नसंल व्हय? समदं ठाव व्हतं. तुमी लपवत व्हता, मग आमी कसं उघडं करावं? पोरीच्या बापाला लाज वाटंल म्हणून गप बसलो."

दादा, ऐकलंस ना? पडवीत जो माणूस बिडी ओढत उभा होता, ज्याच्या भीतीनं तात्या खोटं बोलले आणि मी अंगठ्यानं माती उकरली, त्याला सगळं माहीत होतं. खाटेवर तू 'बरं झालं' म्हणालास तेव्हाही माझ्या सासरी ठाऊक होतं. ही सोयरीकच मुळी तुझ्या खऱ्या बोलण्यावर जमली होती, आणि ती टिकावी म्हणून आम्ही तुला खोटं बोलायला लावलं. तांदूळ तसेच टाकून मी ओसरीवर येऊन बसले आणि मोठ्यानं रडले. आत्याबाईंनी रडू दिलं. मग पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "एक डाव आमी समदे गप बसलो. आता पोरीच्या पायी नगं."

कोमल दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आई, मामाला सुई दुखायची का गं?" मी म्हणाले, "नाही. तो सुई घेऊन माझ्यामागे पळायचा." ती हसली. तुझ्यासारखंच हसते, एका गालानं.

ह्यांनाही फोन करून सांगितलं. ते उद्या कामावर जाणार नाहीत, आम्हाला गाडीवरून सोडतील. शिबिर उद्याही आहे. आत्याबाईंनी रसवंतीवाल्या मामांचा जुना थर्मास माळ्यावरून काढून घासून ठेवलाय, लागलाच तर. आमच्याकडे आता फ्रीज आहे, हे मी त्यांना बोलले नाही.

दादा, तुला वचन देते. उद्या सकाळी शाळा उघडायच्या आधी मी रांगेत पहिली उभी असेन. नर्सबाईंना म्हणेन, कालचा फॉर्म काढा. तिथं 'नाही' लिहिलंय, ते खोडा. माझ्यासमोर खोडा. आणि लिहा, आहे. मामाला होती. कोण मामा म्हणून विचारलं तर तुझं पूर्ण नाव सांगेन, गाव सांगेन, आणि तू कुठे गेलास, कसा गेलास, तेही सांगेन, मागे कितीही माणसं उभी असली तरी.

तुझी,
सुमी